काशीबाईच्या भाताची मदत

प्रिय गंधार,

कोरोनात सरकारने शेतकऱ्यांना दिलेली मदत तुझ्या खात्यात आली, कारण सातबारावर नाव तुझे आहे. भात मात्र काशीबाई अर्धेलीने, निम्म्या पिकाच्या बोलीवर करते. "ताई, जमीन माझी, मदतही माझी," असे तू फोनवर म्हणालास. मी तिला तसेच सांगितले. ती हसली. "बाईनू, तेका इचारा, भाताचो तरवो खंय लावतत ता तरी ठावक आसा?"

लॉकडाऊनमध्ये ठाण्याहून आल्यावर तुला गावच्या शाळेत विलगीकरणात ठेवले होते, तेव्हा रोज पेज तिनेच पोहोचवली. आपले भाऊबंद फाटकापाशीही आले नाहीत.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, हातातच देईन. तू उत्तराला महिना लावशील. त्यापेक्षा सोमवारी आम्ही दोघी ठाण्याला येतो आणि तिचे पैसे मिळेपर्यंत तुझ्याकडेच राहतो. तिने वळकटी बांधलीसुद्धा.

तुझी थोरली बहीण,
शर्मिष्ठा