एका प्रवेशाचा व्हिसा

चँडलर, ॲरिझोना
रविवार, ९ मार्च २००८

प्रिय मालिनी,

इकडे सर्व क्षेम असल्याचं कळवून मग पुढचं लिहावं, असं मला पाठशाळेत शिकवलं होतं. पण असत्य भाषणाचं पातक नको म्हणून आधीच सांगतो की इकडे क्षेम नाही. तू मिसळणाचा डबा घेऊन गेलीस. सातही वाट्या, आतला तो इवलासा चमचा, वरचं झाकण, सगळंच. महिनाभर मी पाच प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून फोडणी करतो आहे. एका पिशवीचं रबर सोडवेपर्यंत आधीच्या पिशवीतली मोहरी करपलेली असते. काल आमटीत जिऱ्याच्या जागी ओवा पडला. तशीच खाल्ली. तक्रार करायला समोर कुणी नसलं की माणूस फार लवकर सहिष्णू होतो.

आज साऱ्या देशाने घड्याळं तासभर पुढे केली. आपल्या ॲरिझोनाने नेहमीप्रमाणे केली नाहीत. त्यामुळे तुझ्यात नि माझ्यात आता नक्की किती तासांचं अंतर आहे, ते पुन्हा मोजायला हवं. मागच्या अंगणातल्या संत्र्याला फुलं आली आहेत. खाली पडलेली संत्री मी उचललेली नाहीत, हे शेजारच्या बाईंनी कुंपणावरून दोनदा सुचवलं.

सोबत कागद पाठवतो आहे. आपल्या लग्नाचा दाखला, त्याचं इंग्रजी भाषांतर, माझ्या नोकरीचं पत्र, बँकेचं पत्र, तुझ्या अमेरिकेत परतीच्या अनुमतिपत्राची प्रत. मूळ अनुमतिपत्र तुझ्या पर्समध्ये पासपोर्टच्या मागे आहे, ते हरवू नकोस. शिवाय व्हिसाचा नवा अर्ज मी भरून ठेवला आहे. या खेपेस प्रवेशांच्या संख्येपुढे 'अनेक' वर खूण केली आहे, तीन वेळा तपासून. सही तुझी हवी.

या अँडोराचं शास्त्र आता मला मुखोद्गत आहे. राज्य एवढंसं की नकाशावर त्याचं नाव राज्यात मावत नाही, शेजारच्या फ्रान्समध्ये छापावं लागतं. विमानतळ नाही, आगगाडी नाही. त्यांचा स्वतंत्र व्हिसाही नाही. फ्रान्सच्या बाजूने ये नाहीतर स्पेनच्या, तुला आत यायला कुणी अडवणार नाही. हा झाला विधी. निषेध पुढे आहे. त्या डोंगरात पाऊल ठेवलंस की तू फ्रान्सच्या बाहेर पडलीस, आणि बाहेर पडलीस की पुन्हा फ्रान्समध्ये शिरायला दुसरा प्रवेश लागतो. स्पेनमध्ये शिरायचं तरी तोच व्हिसा, तोच नियम. परतीचं विमान मात्र या दोघांपैकी एकाच्याच भूमीवरून उडणार. तेव्हा ज्याच्या व्हिसावर 'एक' लिहिलं आहे त्याने अँडोरात जावं आणि तिथेच सुखाने राहावं. आत जाण्याची वाट ठाऊक आणि बाहेर येण्याची नाही, अशा एका तरुण योद्ध्याची उपमा इथे द्यायचा मोह होतो. पण तो बिचारा स्वतः आत गेला होता. मी बायकोला पाठवलं.

तेवीस फेब्रुवारीला परतताना सरहद्दीवरच्या त्या फ्रेंच अधिकाऱ्याने तुला बसमधून उतरवलं, तेव्हा तो अतिशय सौम्यपणे बोलला, असं तू सांगितलंस. तुझी बॅगही त्यानेच खाली काढून दिली. नियमाप्रमाणे वागला, त्याला बोल नाही. त्या बसमधले बाकीचे चाळीस लोक खिडक्यांतून बघत होते, आणि ज्ञानदा गाडी घेऊन येईपर्यंत तू पाऊण तास बर्फाच्या ढिगाशेजारी उभी होतीस, हे तू सांगितलं नाहीस. ते मला ज्ञानदाने सांगितलं. सहा महिन्यांत ती माझ्याशी बोललेली ती पहिलीच वाक्यं. शेवटी म्हणाली, "बाबा, तुम्ही तर सगळ्यांचे फॉर्म्स चेक करता ना?"

पुढचं इंग्रजीत बोलली. ते लिहीत नाही.

गेल्या रविवारी परीक्षित आला होता. तोच, रुचाचा नवरा, माझ्याच डिपार्टमेंटमधला. त्याच्या आईवडलांना उन्हाळ्यात बोलवायचंय, त्यांचे अर्ज मला दाखवायला आणले होते. माझं दुकान अजून चालू आहे हे तुला कळावं म्हणून सांगतो. तू कुठे आहेस असं त्याने विचारलं, तेव्हा सांगावं लागलं. तो म्हणाला, "काका, पण तुमच्याकडून हे कसं झालं यार?" मी म्हटलं, वकिलातीतल्या छपाईत चूक झाली. मग त्याच्या आईच्या अर्जात जन्मगाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेने लिहिलं होतं, ते मोठ्या गांभीर्याने दाखवून दिलं.

छपाईत चूक झाली नव्हती. तुला हे ठाऊक आहे, तरी लिहून देतो. ती खूण माझ्या हातची आहे. माहितीपत्रकाच्या दुसऱ्या पानावर अँडोराला जाणाऱ्या प्रवाशांसाठी वेगळी टीप होती, दोन किंवा अधिक प्रवेश मागा म्हणून. ती मी वाचली. वाचून, ही आपल्याला लागू नाही असं ठरवून पान उलटलं. तुला वाटतं मी रागाने मुद्दाम केलं. फोनवरच्या तुझ्या आवाजातून ते मला कळतं. मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं. निदान माझं लक्ष होतं असं तरी म्हणता आलं असतं.

खरं असं आहे की ज्ञानदा अँडोरात राहते हे मला माहीत नव्हतं.

तू सांगितलं होतंस. जेवताना सांगितलं होतंस, एकदा नाही, तीनदा तरी. डोंगरातलं हॉटेल, रिसेप्शनवरची नोकरी, चँडलरच्या शाळेत शिकलेलं स्पॅनिश कसं कामी येतंय, एप्रिल अखेरपर्यंतचं परमिट. मी हं हं म्हणत होतो. मला त्या सगळ्याचं मिळून 'युरोप' एवढंच ऐकू येत होतं. तिकिटावर तुलूझ होतं, अर्जात मी तुलूझ लिहिलं, देश फ्रान्स लिहिला, प्रवेश एक. रकाना भरताना मला एकदाही असं वाटलं नाही की पोरगी नक्की कुठे राहते ते विचारावं. परीक्षितच्या आईचं जन्मगाव मला आता पाठ आहे.

आणि विचारलं का नाही, तेही सांगून टाकतो. तिच्याबद्दल काही विचारलं की गोष्ट मागे मागे जाते, आणि मागे गेली की आपल्या जुन्या गावापर्यंत, पिस्कॅटवेपर्यंत पोचते.

डिसेंबरमध्ये तिथले राजेश नि उल्का आले होते, त्या दिवसाबद्दल आपण दोघांनीही तोंडातून अवाक्षर काढलेलं नाही. तू पुऱ्या लाटत होतीस, राजेश ओट्याला टेकून उभा होता. तो लेकीच्या, स्वानंदीच्या मेडिकलच्या ॲडमिशनचं सांगत होता, आणि सहज, अगदी प्रेमाने बोलून गेला, "राजाराम, तू उगाच गेलास रे. आपल्या ग्रुपमधला एकही माणूस कमी केला नाही त्यांनी. तशी बातमीसुद्धा नव्हती." तुझं लाटणं थांबलं नाही. मी ते बघत होतो. पुरी लाटून झाली, कढईत सोडलीस, आणि राजेशला विचारलंस, अजून श्रीखंड वाढू का.

दोन हजार दोनमध्ये मी घरी सांगितलं होतं की पिस्कॅटवेची कंपनी आमचा ग्रुप बंद करते आहे, नोकरी जायच्या आत निघायला हवं. मालिनी, कुणी काही बंद करत नव्हतं. इकडच्या लोकांनी मला डायरेक्टर म्हणून बोलावलं होतं. एवढंच. ग्रीन कार्डाचा अर्ज तिकडे दुसऱ्या वर्षात होता, कंपनी सोडली की तो पहिल्यापासून सुरू होणार, हे मला माहीत होतं. हे नियम इतरांना समजावणारा मीच होतो. हिशोब करून बघितला तेव्हा ज्ञानदा सतरा वर्षांची होती. मला वाटलं, चार वर्षं आहेत, होईल.

राजेशचं कार्ड दोन हजार पाचच्या जानेवारीत आलं. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. मी त्याच्या शेजारच्याच टेबलावर बसलो असतो तर तिचंही त्याच महिन्यात आलं असतं. त्याऐवजी दोन हजार सहाच्या नोव्हेंबरात ती एकवीस वर्षांची झाली आणि नियमाप्रमाणे आपल्या अर्जातून गळली. पुढच्याच जुलैमध्ये अचानक सगळ्यांना अर्ज भरायची मुभा मिळाली, तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर दोनच जणांचे कागद लावले. तू फोटो चिकटवत होतीस. तिसऱ्या फोटोचं पाकीटही तू काढलं होतंस, मग परत ठेवलंस. तेव्हासुद्धा मी तुला म्हणालो होतो, काय करणार, नोकरीच जात होती. तू मान हलवलीस. पाच वर्षं तू माझ्या बाजूने तिच्याशी भांडलीस. शाळेच्या शेवटच्या वर्षी तिला मैत्रिणींतून उपटून इथल्या वाळूत आणलं म्हणून ती ओरडायची, आणि तू तिला सांगायचीस की बाबांचा नाइलाज होता.

राजेश गेल्यावर तू मला काही विचारशील म्हणून मी दोन आठवडे उत्तर तयार ठेवलं होतं. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, सगळं. तू विचारलं नाहीस. जानेवारीत एका सकाळी म्हणालीस, मला ज्ञानदाकडे जायचंय, तीन आठवडे. मला इतकं हलकं वाटलं की मी त्याच दिवशी अर्ज घेऊन बसलो. घाई होती ती त्याची. कदाचित म्हणूनच टीप वाचूनही डोक्यात शिरली नाही.

तीन आठवड्यांच्या पाहुणीने मसाल्याच्या पुड्या न्यायच्या असतात. डबा नेत नाहीत. हे मला तू गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी सुचलं, पिशवीचं रबर सोडवताना. तेव्हा मी ते विनोद म्हणून बाजूला ठेवलं.

मंगळवारी फोनवर मी तुला या कागदांचं सांगत होतो. पंचवीस मार्चला, मंगळवारी, सकाळी अकरा वाजता फ्रान्सच्या वकिलातीत तुझी मुलाखत आहे, ज्ञानदाने वेळ घेऊन ठेवली आहे, कुरियरने पाठवतो, आठवडाभर आधीच पोचतील. तू मधेच म्हणालीस, "पाठवा सावकाश. मला कुठे जायचंय."

मी हसलो. तू हसली नव्हतीस, ते फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

मीच येऊन तुला घेऊन जावं असं म्हणशील, असंही एकदा वाटलं होतं. मी माझ्या व्हिसाची चौकशीसुद्धा करून ठेवली. तू म्हणाली नाहीस, आणि ज्ञानदाच्या दाराशी न बोलावता येण्याचं धैर्य माझ्यात नाही.

अर्जात एक रकाना मी कोरा ठेवला आहे, निघण्याच्या तारखेचा. आयुष्यात पहिल्यांदाच रकाना कोरा सोडला. तुझं परतीचं अनुमतिपत्र नोव्हेंबरपर्यंत चालतं. तोवर आली नाहीस तर तुझा इथला ग्रीन कार्डाचा अर्ज संपला असं धरतात. हे धमकी म्हणून लिहीत नाही, तुला माहीत असावं म्हणून लिहितो. या वेळी तुझ्यापासून कुठलाही नियम लपवायचा नाही. ज्ञानदाला हे पत्र वाचून दाखव. नोकरीचा भाग गाळू नकोस. तिला तो माझ्याकडून कळायला हवा होता, पण ती माझा फोन घेत नाही, आणि ते बरोबरच आहे.

कागद वेळेवर पोचतील, पुरेसे आहेत, वकिलातीतली बाई भली आहे असं तूच म्हणालीस. व्हिसा मिळेल. त्याची काळजी मला नाही. पंचवीस तारखेला सकाळी तू त्या मुलाखतीला जाणारच नाहीस, अशी मला भीती वाटते.

अजूनही असं लिहिता येतं असं धरून,
तुझा,
राजाराम