धुराड्यावरची चाळण

ता. ४ जून

चि. ठमीस,
आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र चष्मा शोधून, मग पुसून, मग पुन्हा शोधून वाचलं. बाकीच्यांच्या नाती आजीला विणकामाचे टाके विचारतात, माझी इंजिनाचं धुराडं विचारते! शेजारणीला मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवलं. जळली मेली.

फोटो पुसट आहे, पण इंजिन आपलंच, तुझे आजोबा चालवायचे ते. अरुंद रुळांवरचं, मोठ्या इंजिनापुढे म्हशीपुढे करडू दिसावं तसं. पण लढाईभर दारूगोळ्याच्या पेट्या त्यानंच ओढल्या. तुमच्या मॉडेलवाल्या मंडळाच्या अध्यक्षांनी पुस्तकात लिहिलंय ना, की धुराड्यावरची टोपी म्हणजे लष्करी अभियंत्यांनी बनवलेली खास ठिणगी अडवायची जाळी? अकरा पानं खर्चली म्हणतेस. अगं, ती माझी धान्याची चाळण!

कोळसा सगळा मोठ्या गाड्यांना, ह्याच्या पोटात ओली लाकडं. ठिणग्या उडायच्या त्या नेमक्या माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर. तिसरी चादर जळली तशी मी चाळण उचलून तडक शेडमध्ये गेले आणि सगळ्यांदेखत आजोबांना सांगितलं, की ही त्याच्या तोंडाला बांधा, नाहीतर घरी जेवायला येऊ नका. बिचाऱ्यांनी तारेनं बांधली. साहेबानं ती पाहिली आणि आठवड्याभरात सगळ्या इंजिनांना तसल्याच टोप्या. तेव्हा लष्करी अभियंता कोण ते तूच ठरव.

गुडघे बरे आहेत, म्हणजे दुखतात, पण सवयीनं. लोभ आहेच, तो उतू जाऊ दे.
तुझी आजी

ता. १५ जून

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मंडळात वाचलं. सगळे हसले, अध्यक्ष सोडून. आम्ही त्यांना मोजपट्टी म्हणतो. म्युझियममध्ये ह्या इंजिनाचं एकच मॉडेल ठेवणार, आणि कुणाचं ते मोजपट्टी ठरवणार. ते म्हणाले, ऐकीव गोष्टी चालत नाहीत, लेखी पुरावा आणा. शिवाय तुझं शिक्षण विचारलं. त्यांच्या पुस्तकातली जाळी लावली तर माझं मॉडेल उद्या घेतील. पण दोन वर्षं घासलेलं आजोबांचं इंजिन खोटी टोपी घालून काचेत उभं करायला जीव होत नाही. काय करू?
तुझी ठमी

ता. २१ जून

चि. ठमीस, आशीर्वाद.

लेखी पुरावा? मग मी लिहिलं ते काय पाण्यावर? त्या दीडशहाण्याला सांग, शिक्षण दुसरी, तीही अर्धी. पण त्याला एवढंच विचार, की जाळी असती तर ती साफ कशी करायचे? ओल्या लाकडाच्या काजळीनं बारीक जाळी तासाभरात बुजते. माझी चाळण जाड पत्र्याची. खालून काठीचे दोन ठोके दिले की काजळी खाली आणि तुझे आजोबा काळे. अकरा पानांत ठोके कुठे आहेत, बघायला सांग.

लोभ वाढव, भीड कमी कर.
तुझी आजी

ता. २ जुलै

ती. आजीस, सा. न. वि. वि.

विचारलं. मोजपट्टींनी अकरा पानं पुन्हा चाळली. मग स्वतःच कबूल केलं, की शेडच्या जुन्या वहीत टोपी ठोकून साफ केल्याची नोंद होती. जाळी कुणी ठोकत नाही, म्हणून कारकुनाची चूक समजून त्यांनी ती गाळली होती! माझं मॉडेल घेतलं, आजी! नव्या आवृत्तीत दुरुस्तीही करणार. फक्त चाळणीला भोकं नेमकी किती, ते तू त्यांना लेखी कळव. छापील आकड्याप्रमाणेच मॉडेल हवं, अशी त्यांची अट आहे.
तुझी ठमी

ता. १२ जुलै

चि. ठमीस, आशीर्वाद आणि शाबासकी.

आनंदानं रडले, मग शेजारणीला पुन्हा गाठलं. मोजपट्टीला त्याच दिवशी कार्ड टाकलं, की भोकं तीनशे चौदा. लगेच त्यांचं आभाराचं उत्तर, मजकूर छापायला दिला म्हणून. आता तूच सांग, चाळणीची भोकं कुणी मोजतं का ग? पण त्यांनी लेखी मागितलं, मी लेखी दिलं.

मात्र तुझ्या मॉडेलवरची टोपी नखाएवढी असणार, हे माझ्या ध्यानातच आलं नाही बघ. आधी बोलली असतीस तर बारा लिहिली असती.

रागावलीस तरी लोभ राहू दे.
तुझी आजी