गोळी सकाळी, जेवण दुपारी

मु. पिंपळवाडी, ता. अहमदपूर
१४ फेब्रुवारी १९८३

चि. सौ. तारामतीस,
कस्तुराअक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. तुझ्या सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? एरंडाचं पान गरम करून बांधत जा. शेषेरावांचा खोकला गेला का? जिल्हा नवा झाला, पण उस्मानाबादच्या जुन्या फायलींची धूळ त्यांच्याच छातीत उतरली म्हणायची. चि. उमाचा दहावीचा अभ्यास कसा आहे? दिव्याजवळ बसून वाच म्हणावं. सगळ्यांचं विचारून झालं, आता तुझं. तुला साखरेचा आजार निघाला हे शेषेरावांच्या कार्डावरून कळलं, तेव्हापासून घशाखाली घास उतरेना. बेचाळीस हे काय आजारपणाचं वय आहे?

घाबरू नको. याचं निम्मं औषध चुलीपाशी आहे. भात कमी कर, ज्वारीची भाकरी खा. गूळ हा साखरेचा सख्खा भाऊ, त्याला साधा समजू नको. हुलग्याचं माडगं, शेवग्याचा पाला, जवसाची चटणी, पातळ ताक, हे तुझं जेवण. चहा बिनसाखरेचा. मेथ्या भिजत घालून ते पाणी सकाळी पी. कधी चक्कर आली, अंग गळालं, तरी तेच कडू पाणी घे. लहानपणी गुळाच्या ढेपेकडं मुंगळ्यांच्या आधी तू पोचायचीस, त्याची ही फेड.

इकडे पाण्यानं लई बेजार केलं आहे. विहिरीत उतरून वाटीनं घागर भरावी लागते. हे पत्र घेऊन केरबा येत आहे. त्याला कचेरीतून दाखला काढायचा आहे. पूर्वी उस्मानाबादला गेलेलं आपलं माणूस स्टँडवर उपाशी बसायचं. आता लातूर जिल्हा झाला आणि तू तिथं आहेस, हे गावाचं नशीब. त्याला दोन भाकरी घाल.

दुष्काळात सगळंच आटलं, माया तेवढी आटू देऊ नको.
तुझी अक्का


लातूर
६ मार्च १९८३

ती. गं. भा. अक्कास,
तारामतीचा शि. सा. नमस्कार. वि. वि. केरबाचं काम झालं. त्याच्या मागून तुझी चिठ्ठी घेऊन पंढरी आला, त्याच्या मागून त्याचा चुलता. सगळे जेवून गेले. आत्याबाईंचे गुडघे तसेच आहेत. यांचा खोकला थोडा कमी आहे. उमा बरी आहे.

तू लिहिल्याप्रमाणे खाणं करून राहिले. माडगं घरात कुणाला आवडत नाही, म्हणून एकटीपुरतं करते. गोळी एक दिवस चुकवली नाही. डॉक्टरांनी जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगितली आहे, म्हणून नऊ वाजता घरात ताटं मांडायची वेळ झाली की मी गोळी घेते. आधी हे आणि उमा जेवतात. मग गावाकडची माणसं, त्यांना साडेदहाला कचेरी गाठायची असते. मग आत्याबाई. तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजतो, घागरी घेऊन रांगेत जावं लागतं. माझं ताट वाढेपर्यंत एक-दोन वाजतात. परवा सहा पाहुणे होते, भाकरी सरल्या. मी ताक पिऊन राहिले. म्हटलं, बरंच झालं, खाल्लंच नाही तर साखर वाढंल कशानं?

हल्ली दुपारी हात थरथरतात आणि दरदरून घाम सुटतो. मग मेथीचं पाणी घेते. अक्का, तक्रार नाही माझी. थकले आहे, एवढंच.

तुझा हात पाठीवर असू दे.
तुझी तारा


पिंपळवाडी
२२ मार्च १९८३

चि. सौ. तारास अनेक आशीर्वाद.
पत्र वाचून काळजी वाटली. हात थरथरतात म्हणजे साखर वाढली असणार. चोरून काही खातेस का, खरं सांग. मी काही तुझी सासू नाही. भाकरी अर्धी कमी कर, कारल्याचा रस घे. मेथीचं पाणी सोडू नको. उमाला सांग, आईवर नजर ठेव. पाहुण्यांना वाढताना आपल्या तोंडात घास टाकायची खोड असंल तर ती मोड.

मी आता साठीला टेकले. गावात रोजगार हमीच्या कामावर बायाच जास्त दिसतात, पुरुष कागदांच्या मागं फिरून राहिले. श्रीमंत आणि त्याची बायको येत्या पंधरवड्यात तिकडं येतील. त्यांना वरणभात नको करू, भाकरी पिठलं चालंल. माणसं साधी आहेत, तुला त्रास न्हाई द्यायची.

जपून राहा, म्हणजे मीही इथं धड राहीन.
अक्का


लातूर
९ एप्रिल १९८३

ती. अक्कास शेषेरावचा सा. न. वि. वि.
तारामती सरकारी दवाखान्यात आहे. आता धोका नाही, म्हणून तार न करता पत्र लिहितो.

गुरुवारी घरी सातजण होते. दीड वाजता ती भाकरी थापता थापता परातीवरच कोसळली. घामानं अंग भिजलेलं, दातखीळ बसलेली. शेजारणीनं साखरेचं पाणी आणलं, ते आईनं हातातून काढून घेतलं. साखरेच्या रोग्याला साखर म्हणजे विष, असं तिचं म्हणणं. तुमचं पत्र आठवून ती चमच्यानं मेथीचं पाणी ओठांवर ओतत बसली. निम्मं खाली सांडलं. निरोप आला तसा मी कचेरीतून धावत आलो. तुमच्या श्रीमंतनंच तिला उचलून रिक्षात घातलं.

दवाखान्यात कळलं की साखर वाढली नव्हती, अगदी तळाला गेली होती. शिरेतून ग्लुकोज दिलं तेव्हा डोळे उघडले. अजून अर्धा तास गेला असता तर हाती काही लागलं नसतं, आणि पुन्हा असं झालं तर भरवसा नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी मला विचारलं, बाई सकाळी किती वाजता जेवतात. बावीस वर्षं झाली, तिला जेवताना मी पाहिलेलंच नाही.

आपला,
शेषेराव


पिंपळवाडी
१५ एप्रिल १९८३

चि. सौ. तारास,
आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही, पण देते.

साहेबरावची पंचशीला नांदेडच्या दवाखान्यात सिस्टर आहे. ती सुट्टीला आली तेव्हा शेषेरावांचं पत्र तिच्यापुढं ठेवलं. तिनं तुझंही जुनं पत्र मागून घेतलं आणि वाचून कपाळावर हात मारला. म्हणाली, मावशी, हे सगळं या पत्रात लिहिलेलं होतं की. गोळी पोटात गेली की ती साखर खाली ओढते. वरून घास गेला नाही तर आहे ती साखरही संपते. थरथर आणि घाम आला तर आधी चमचाभर साखर तोंडात टाकायची, मग जेवायचं. मेथीचं पाणी त्या वेळी काही कामाचं नाही.

तारा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं होतं. भाकरी सरल्या हेही वाचलं, आणि वर तुला अर्धी कमी कर म्हणून लिहिलं. काय खावं ते शिकवत राहिले, केव्हा खातेस हे विचारलं न्हाई. का विचारलं न्हाई तेही सांगते. बाई मागून जेवते, यात विचारायचं काय, असंच मला वाटत होतं. आणि ज्या माणसांनी तुझं ताट मागं ढकललं ती मीच चिठ्ठ्या देऊन धाडली. मोजली तर अकरा निघाली. आता चिठ्ठी बंद. गावात सांगितलं आहे, ज्याला लातूरला जायचं त्यानं फडक्यात भाकरी बांधून न्यावी. कुणी तोंड वाकडं केलं, कुणी म्हणालं कस्तुराबाईला माणसं जड झाली. होऊ दे.

आता ऐक. गोळी घेतली की अर्ध्या तासात जेवायचं. तव्यावरची पहिली भाकरी तुझी. दारात कलेक्टर उभा असला तरी.

याच कागदावर धुरपताबाई विहीणबाईंना हात जोडून नमस्कार. उमानं वाचून दाखवावं. विहीणबाई, तुमचा दोष काढत नाही. चमचा तुमच्या हातात होता, पण त्यातलं पाणी माझं होतं. माझ्या बहिणीला तुमच्या आधी, पाहुण्यांच्या आधी जेवू द्या. एवढं एकच मागणं आहे.
कस्तुराबाई


लातूर
२ मे १९८३

ती. अक्कास शि. सा. नमस्कार.
घरी येऊन पंधरा दिवस झाले. अंगात अजून ताकद नाही, एक घागर उचलायला गेले तरी बसावं लागतं. पाणी उमा आणि हे आणून राहिले. डॉक्टरांनी गोळी निम्मी केली आहे.

आत्याबाईंनी तुझं पत्र उमाकडून दोनदा वाचून घेतलं. पहिल्या दिवशी यांनीच ताट मांडलं. बाहेर यांच्या ओळखीचे नायगावचे दोन पाहुणे बसले होते. मी भिंतीकडं तोंड करून जेवले, तरी चोरी करून राहिल्यासारखं वाटत होतं. आत्याबाई उठून देवापाशी जाऊन बसल्या. घरच्या बाईनं पाहुण्याआधी ताटावर बसावं हे त्यांनी कधी पाहिलेलं नाही. चार दिवस हेच चाललं. मी जेवायची, त्या पाठ करून बसायच्या. खरं सांगते अक्का, पाचव्या दिवशी मी ताट न घेताच गोळी हातात धरली होती. वाटलं, या अबोल्यापेक्षा भूक बरी.

तेवढ्यात आत्याबाई गुडघे धरत आल्या आणि चुलीपाशी माझ्या शेजारी बसल्या. तव्यावरची भाकरी त्यांनीच उलटली, फुगली तशी माझ्या ताटात टाकली. मग हळूच विचारलं, गरम गरम पहिली भाकरी कशी लागते गं? सत्तर वर्षांच्या आहेत. मी अर्धी मोडून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती कोरडीच खाल्ली, सावकाश, डोळे मिटून. बाहेरून कुणीतरी खाकरलं, पाहुण्यांना कचेरीची घाई होती. मी उठायला लागले तशी त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि उमाला म्हणाल्या, "बसा म्हणावं त्यांना. बायका जेवायल्यात."

आता दुसरी भाकरी कुणाची यावर उमाचं नि यांचं भांडण असतं.

तू केव्हा जेवतेस, ते कळव. पत्र लवकर टाक, मी वाट पाहते.
तुझी तारा