सोळा नंबरची ट्यूब

४ फेब्रुवारी

बाबांची जखम जैसे थे! तळपायाला, अंगठ्याच्या बुडाशी, कोटाच्या बटणाएवढी. नऊ आठवडे मीच ड्रेसिंग करतेय. दवाखान्यात दिवसाला वीस पाय माझ्या हाताखालून जातात, भरूनही येतात. आणि घरच्या माणसाचा — नाही.

बाबांना दुखत नाही, हीच पंचाईत. मधुमेहानं पायाची जाणीवच गेलीय. खिळा घुसला तेव्हा मोजा रक्तानं भिजल्यावर कळलं!

७ फेब्रुवारी

डॉक्टरबाईंनी बाबांना नव्या चाचणीत घेतलं. जखमेवर लावायचं जेल. निम्म्या ट्यूबांमध्ये जखम भरायला मदत करणारं प्रथिन, निम्म्यांत नुसतंच जेल. कुणाला कुठलं, ते पेशंटला ठाऊक नाही, मला नाही, बाईंनाही नाही. यादी सीलबंद. ट्यूबवर फक्त नंबर. बाबांचा सोळा.

बाई बाबांना समजावत होत्या — "काही प्रथिनं जखमेतलं मेलेलं काढून टाकतात, काही नवी कातडी उभी करतात. मधुमेहात पहिली थांबतच नाहीत. नवं आलेलंही खाऊन टाकतात."

बाबा जन्मभर गवंडी. म्हणाले, "म्हणजे पाडणारे हटत नाहीत, अन् बांधणारे कामावर येत नाहीत!"

बाई हसल्या. मला हसू आलं नाही.

१९ फेब्रुवारी

अकरा नंबरवाले पोस्टमनकाका. जखम बाबांच्याएवढीच होती. आज पारदर्शक कागद ठेवून पेनानं कड गिरवली — निम्म्यावर आली! गुलाबी, स्वच्छ. बाबांची कड तसूभर हलली नाही.

अकरामध्येच प्रथिन आहे. असणारच. दिसतंय ना!

२० फेब्रुवारी

दूध दोनदा उतू गेलं. कशात लक्ष नाही.

२६ फेब्रुवारी

बाई म्हणाल्या, "हाडापर्यंत गेलंय. पंधरा दिवस बघू, नाहीतर अंगठा काढावा लागेल."

घरी येताना बाबा मलाच समजावत होते, "नऊ बोटं उरतात की!" घरात शिरल्या शिरल्या बाग झाडायला गेले. त्याच पायावर! मी ओरडले. "बसून बसून गंज चढतो," म्हणाले.

२७ फेब्रुवारी

केलं.

कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते. दोन लेबलं सोलली, अदलाबदल करून चिकटवली. आता अकराची ट्यूब बाबांना, सोळाची पोस्टमनकाकांना. दोन मिनिटंही लागली नाहीत.

२८ फेब्रुवारी

पोस्टमनकाका म्हणाले, "ताई, तुमचा हात फार हलका बघा." मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर बघायची हिंमत झाली नाही.

९ मार्च

काहीतरी चुकतंय. बाबांचा पाय सुजला. वास येतोय. आणि पोस्टमनकाकांची जखम भरतच चाललीय — नुसत्या जेलवर?

त्यांच्या बायकोला सहज म्हणून विचारलं. "दीड महिना पाय जमिनीला लावू दिला नाही मी! आंघोळीलासुद्धा खुर्चीवर. रोज दोन अंडी, वाटीभर डाळ. खात नाहीत तोवर उठतच नाही समोरून."

बाबांचा आहार? दोन घास, की उठले. आणि पायाला भिंगरी. मी लेबलं बदलत बसले. हे बघितलंच नाही.

१२ मार्च

अंगठा काढला.

बाबा शुद्धीवर आल्यावर राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग, "त्या माणसाला सांगितलंस?"

"नाही."

"मग माझ्यापुढं काय रडतेस, पोरी? त्याच्याकडे जा."

१३ मार्च

गेले. सगळं सांगितलं. पोस्टमनकाकांनी पायावर पांघरूण ओढून घेतलं, बस्स. त्यांची बायको म्हणाली, "ह्यांच्या पायाला पुन्हा हात लावायचा नाही."

मग डॉक्टरबाईंकडे. उभ्यानंच सांगितलं. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं! "किल्ली ठेव टेबलावर," एवढंच. आणि माझ्यासमोर फोन लावला — अकरा आणि सोळा, दोन्हींची नोंद उघडा म्हणून.

उद्यापासून कामावर यायचं नाही.

१४ मार्च

बाईंचा फोन आला. सोळामध्ये प्रथिन होतं. अकरामध्ये नुसतं जेल.

बाबांना सकाळीच घरी सोडलंय. आतून विचारतायत — काय निघालं यादीत?