नासपतीचा जामीन

२१ एप्रिल

घर मनासारखे मिळाले. तर्कशास्त्राच्या अध्यापनातून निवृत्त झालेल्या एकट्या माणसाला याहून अधिक काय हवे? चुलीवर सदैव तापलेली किटली, खिडकीतून दिसणारे तळे आणि मागे लहानशी बाग. ईस्टर उलटला, इथे दक्षिण गोलार्धात पानगळ लागली. पहिले हिम पडण्याच्या आत बाग आवरायला हवी. आज डेलियाचे कंद उपटले, माती झटकून भुशात ठेवले. सफरचंदाची छाटणी केली, फांद्यांवर सुकून राहिलेली फळे काढून जाळली, कारण पुढल्या वर्षीची कीड त्यांतच हिवाळा काढते. पाठ दुखते आहे. चित्त प्रसन्न आहे.

२९ एप्रिल

शेजारच्या सुनिल्दाबाई, इथल्या भाषेत ‘दोन्या’ सुनिल्दा, भोपळ्याच्या गरम पुऱ्या घेऊन आल्या. मी दोरी ताणून लसणाच्या पाकळ्या लावत होतो. कुंपणावर कोपरे टेकून त्यांनी विचारले, “अहो प्रोफे, लसूण लावताय की पलटण उभी करताय?”

बागेच्या टोकाला नासपतीचे एक उंच झाड आहे. त्याला आजवर एकही फळ धरलेले नाही, असे त्या म्हणाल्या. अशा झाडाला पानगळीत कुऱ्हाडीचा धाक घालायचा, एकाने ती उगारायची आणि दुसऱ्याने झाडासाठी रदबदली करायची, हा इथला रिवाज. कुऱ्हाड त्या आणणार. मला गंमत वाटली, होकार दिला.

३ मे

सकाळी नासपतीच्या बुंध्याला गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत चुना फासला, वर पेंढा लावून गोणपाट गुंडाळले आणि माझी नेहमीची दुहेरी गाठ मारली. दुपारी दोन्या सुनिल्दा आल्या. कुऱ्हाड उगारून झाडावर खेकसल्या, “ए ऐतखाऊ! माती खातेस, पाणी ढोसतेस, देतेस काय? सावली? ती तर आमच्याकडे ढगसुद्धा फुकट देतात!” मग माझ्याकडे वळून त्यांनी रीतीप्रमाणे विचारले, “याची हमी कोण घेतं?”

यावर ‘राहू द्या, पुढच्या खेपेला देईल’ एवढेच म्हणायचे असते. परंतु ज्या हमीत जामीनदाराचे नाव नाही आणि दायित्वही नाही, ती हमीच नव्हे. म्हणून मी स्पष्ट उच्चारले की मी, लेओकादिओ ओयार्सो, या झाडाचा जामीन आहे. त्याने फळ न दिल्यास त्याच्या जागी मी उभा राहीन.

त्यांची कुऱ्हाड खाली आली. नाव कशाला घेतलंत, म्हणाल्या. नाव कुणी घेत नाही, आत्ताच्या आत्ता शब्द मागे घ्या. मी शांतपणे समजावले: झाड पक्षकार होऊ शकत नाही, म्हणून हमी अस्तित्वात नाही, म्हणून मागे घेण्यासारखे काही नाही. त्या हसल्या नाहीत. पहिल्या हिमाच्या सकाळी पुन्हा येईन, म्हणाल्या. तेव्हा हमी घ्यायला कोणी बोलले नाही, तर कुऱ्हाड खरोखर चालवावी लागते.

९ मे

पाय गुडघ्यांपर्यंत पांढरे झाले आहेत. चुना. काम करताना उडाला असावा, हे पहिले अनुमान. परंतु त्यानंतर मी स्नान केले आहे. घासूनही निघत नाही. नासपतीचा बुंधा मात्र स्वच्छ आहे, जणू त्याला कधी हातच लागला नव्हता. पुन्हा चुना फासला.

१४ मे

जाग आली तेव्हा मांड्यांभोवती पेंढा होता, त्यावर गोणपाट, आणि त्याला माझीच दुहेरी गाठ. सोडवायला सकाळ गेली. झाडावरचे गोणपाट नाहीसे झाले आहे. सालीला हात लावला. कोमट लागली.

तळपायांना तहान लागते. घोट्यापर्यंत ओल्या मातीत उभे राहिले की बरे वाटते. याला अजून कारण सापडलेले नाही.

१८ मे

चूक सापडली. मी मुदत घातली नाही. ‘फळ न दिल्यास’ एवढेच म्हणालो; किती काळात, ते नाही. झाडाने तर कधीच फळ दिलेले नाही. म्हणजे अट उच्चारली त्याच क्षणी पुरी झाली होती. युक्तिवादात एकही छिद्र नाही. तो माझाच आहे.

शब्द मागे घ्यायला निघालो. कुंपणाशी पाय थांबले, पुढे उचलेनात. दोन्या सुनिल्दा पलीकडे कपडे वाळत घालत होत्या. ओरडलो. त्यांनी मान वर केली — फांद्या करकरल्या की माणूस पाहतो तशी — आणि चिमटे लावू लागल्या.

२२ मे

मी बाहेर आहे. नासपतीच्या जागी. कोटाच्या खिशात ही वही होती — नाही, कोट नाही. वही फक्त हातात राहिली.

इथून मागल्या दारापर्यंत ओल्या पावलांचे ठसे. अनवाणी. परतीचे नाहीत. घराच्या धुराड्यातून धूर येतो आहे. किटलीची शिट्टी ऐकू येते.

२६ मे

ते झाड कात्री घेऊन आले. माझा कोट घातला आहे. आधी वाळलेल्या फांद्या, मग एकमेकींवर आडव्या आलेल्या — मी सफरचंदाची केली तशीच छाटणी. डाव्या हाताची दोन बोटे. दुखले नाही. रक्त नाही, काहीतरी चिकट —

काप तिरका घेतला. पाणी साचू नये म्हणून. नीट घेतला.

३० मे

हिम. सगळे पांढरे.

दोन्या सुनिल्दा आल्या. कुऱ्हाड आहे. दारात त्याला पाहून त्यांचा चेहरा उजळला — बरं झालं बाई, धडधाकट आहात, मला नाही नाही ते वाटत होतं, प्रोफे!

इकडे पाहा. इकडे —

ए ऐतखाऊ, म्हणतात. मला. मी माझे नाव घेतो आहे, पुन्हा पुन्हा — करकर होते फक्त —

विचारतात, “याची हमी कोण घेतं?”

बोल. तू तरी बोल. राहू द्या म्हण, एवढेच —

ते खाकरले. माझाच आवाज. शांत. म्हणते, झाड पक्षकार होऊ शकत नाही, म्हणून हमी अस्तित्वात नाही, म्हणून