कंसातलं वाक्य

सोमवार, ३

नव्या नोकरीचा पहिला दिवस, म्हणून ही नवी वही. आधीच्या वह्यांसारखी चार पानांवर थांबली नाही म्हणजे मिळवली.

वृद्धनिवास तीन मजली आहे, स्वच्छ, भिंती फिकट पिवळ्या. माझी खोली तळमजल्यावर. टेबल, संगणक, जरा कुरकुरणारा प्रिंटर आणि फाटकाकडे उघडणारी मोठी खिडकी. इथे बासष्ट जण राहतात, आणि दर शुक्रवारी प्रत्येकाच्या घरी खुशालीचं एक पत्र जातं. ते टाइप करायचं काम माझं. ऐकून घामच फुटला होता. पण व्यवस्थापक साहेब हसले आणि त्यांनी मला यंत्रातली युक्ती दाखवली.

दोन अर्धविराम आणि पुढे 'ठीक' एवढंच टाइप करायचं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पूर्ण मजकूर उमटतो : 'तब्येत उत्तम. जेवण व्यवस्थित. झोप चांगली. मन रमलं आहे. काळजी नसावी.' वर नाव घातलं की पत्र तयार. असे चाळीसएक संक्षेप माझ्या आधीच्या बाईंनी करून ठेवलेत. वळणदार अक्षरात त्यांची यादीही आहे. हात दुखायला लागले म्हणून त्या सोडून गेल्या, असं साहेब म्हणाले. बिचाऱ्या! त्यांनी माझे हात मात्र वाचवले.

बुधवार, ५

आज फजिती झाली. डॉक्टरांसाठीच्या तक्त्याचा संक्षेप वापरला. त्यात 'रक्तगट बी+ताप नाही' असं एकाला एक चिकटून लिहिलेलं होतं. कागदावर उमटलं 'रक्तगट बीथाप नाही'. सिस्टरनं तो सगळ्या मजल्यावर वाचून दाखवला. म्हणाली, थाप नाही म्हणजे खरंच असणार!

दुपारभर डोकं खाजवल्यावर कारण सापडलं. काही चिन्हं यंत्र छापत नाही, त्यांना हुकूम समजतं. अधिकचं चिन्ह दिसलं की ते शिफ्टची कळ दाबतं, म्हणून चिन्ह गायब आणि त चा थ. चिन्ह महिरपी कंसात ठेवलं की निमूट उमटतं. उलट, कंस उघडून आधी चांदणीचं चिन्ह टाकलं, तर कंसातलं सगळं आत साठून राहतं, कागदावर येत नाही. टाइप करणाऱ्यानं स्वतःपुरतं टिपण ठेवावं, म्हणून ही सोय.

सगळे चाळीस संक्षेप तपासले. बऱ्याच ठिकाणी असे चांदणीचे कंस आहेत. दुसऱ्याची टिपणं कशाला वाचा, म्हणून उघडले नाहीत.

बुधवार, १२

इथे एक काका आहेत, दुसऱ्या मजल्यावरचे. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. जेवणाच्या फळ्यावरच्या चुकासुद्धा खडूनं सुधारतात, म्हणून सगळे त्यांना 'काना-मात्रा काका' म्हणतात.

आज ते माझ्या खोलीत आले आणि आपलं पत्र बघायला मागितलं. चष्मा वर करून वाचलं, परत दिलं. म्हणाले, यात चूक एकही नाही आणि खरंही एकही नाही. खुब्याचं हाड मोडून ते दोन महिने पडून होते, तेव्हाही त्यांची तब्येत उत्तमच होती म्हणे. मुलगा परगावी असतो. वाईट नाही तो, असं दोनदा म्हणाले. बाप मजेत आहे असं दर आठवड्याला वाचल्यावर कोण कशाला धावत येईल?

मग खाली बसले आणि हळूच म्हणाले, "बाई, माझं एकच वाक्य घाला त्यात. 'एकदा येऊन जा.' बस. स्वल्पविरामसुद्धा नको."

मी म्हटलं, घालते की.

शुक्रवार, १४

घातलं होतं. पाकिटं बंद करायच्या आधी साहेबांनी पत्रं चाळली आणि ते वाक्य बोटानं दाखवलं. ओरडले नाहीत. घरच्यांना घोर लावायचा नाही ही इथली रीत आहे, एवढंच म्हणाले. एकाचं घातलं की सगळे मागतील. मी मान हलवली. नव्या जागी दोन आठवडेसुद्धा झाले नाहीत, कोणत्या तोंडानं वाद घालणार?

वाक्य पुसवेना. मग कंस उघडला, चांदणी टाकली आणि ते आत ठेवलं. निदान कुठेतरी राहील.

काका जिन्यात भेटले. गेलं का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, गेलं.

मंगळवार, १८

काका दाढी करून, कोट घालून फाटकाजवळच्या बाकावर बसतात. सकाळी दहा ते जेवणापर्यंत, मग पुन्हा चारपर्यंत. शनिवारपासून रोज. माझ्या खिडकीतून नेमकं तेच दिसतं.

आज मी पडदा ओढून घेतला.

गुरुवार, २०

काका गेले. दुपारी, जेवणानंतर, बाकावरच. सिस्टरला वाटलं डुलकी लागली.

अंगावर कोट होता. बटणं सगळी लावलेली.

मुलाला साहेबांनी फोन केला. मी शेजारीच उभी होते. पलीकडून तो मोठ्यानं एकच विचारत होता, अहो पण पत्रात तर — पत्रात तर —

शुक्रवार, २१

आज पहिलं पत्र सात नंबरच्या आजींचं. नेहमीचा संक्षेप टाइप केला. उमटलं : 'एकदा नातवाचा आवाज ऐकवा.'

पुसून पुन्हा केला. पुन्हा तेच. पुढचं पत्र एकोणीस नंबरच्या आजोबांचं. 'डाव्या कानानं ऐकू येत नाही, फोनवर मोठ्यानं बोल.' बावीसच्या आजींचं, 'मी चुकले, धाकट्याला सांग.' संक्षेप तोच, अक्षरं तीच, आणि दर वेळी वेगळंच वाक्य.

वर जाऊन सात नंबरच्या आजींना विचारलं. हो, असं सांगितलं होतं, म्हणाल्या. आधीच्या बाईंना. त्या म्हणाल्या होत्या, गेलं.

म्हणजे चांदणीच्या त्या कंसांत हे होतं. बाईंनीही तेच केलं जे मी केलं.

खाली आले तर प्रिंटर आपोआप चालू होता. काका गेले, म्हणून एकसष्ट पत्रं हवी होती. मोजली तर एकशे तीन. जादा कागदांपैकी एक्केचाळिसांवरची नावं मला ठाऊक नाहीत. सिस्टरला दाखवली. तिनं एकेक नाव वाचलं आणि खुर्चीत बसली. ती सगळी माणसं इथेच होती. त्यांच्या खोल्यांत आता दुसरी माणसं राहतात.

सगळ्यात शेवटी, एकशे तिसरा कागद काकांचा. स्वल्पविराम नव्हता.

शनिवार, २२

संगणक दुरुस्त करणारा येऊन गेला. म्हणाला, कंस सगळे बंद आहेत, आतलं बाहेर येऊच शकत नाही.

आधीच्या बाईंना फोन लावला. काय चाललंय ते सांगितलं, मी काय करू म्हणून विचारलं. मग सपाट आवाजात म्हणाल्या, "तब्येत उत्तम. जेवण व्यवस्थित. झोप चांगली."

चेष्टा करताहेत असं वाटून मी चिडले. पण त्या रडत होत्या. हुंदके एकीकडे, शब्द एकीकडे. मग कुणीतरी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. तो माणूस म्हणाला की ती टिपणं पुसून आली त्या दिवसापासून हिचं हे असंच आहे. थोडी पुसायची राहिली, एवढं तिनं आपल्या वहीत लिहून ठेवलंय.

सोमवार, २४

साहेबांनी ते एकशे तीन कागद बंबात जाळले आणि मला सगळे कंस रिकामे करायला सांगितलं. मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. मागेच उभे राहिले.

पुसले.

एकेक वाक्य निवडायचं, कळ दाबायची. काकांचं शेवटी. बोट कळीवर ठेवून मी किती वेळ बसले कोण जाणे. साहेब खाकरले.

तीनच शब्दांची जागा. रिकामी झाली तर केवढी दिसली.

बुधवार, २६

काकांचा मुलगा आला. पन्नाशीचा, बापासारखाच चष्मा. पिशवीतून पत्रांचा गठ्ठा काढून माझ्या टेबलावर ठेवला. वर्षांनुवर्षांची पत्रं, तारखेवार लावलेली. भांडला नाही. त्यानं इतकंच विचारलं, "ताई, शेवटी काही म्हणाले का?"

म्हणाले होते. माझ्या जिभेवर होतं. तोंड उघडलं आणि —

"तब्येत उत्तम. जेवण व्यवस्थित. झोप चांगली. मन रमलं आहे. काळजी नसावी."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मी तोंडावर हात दाबला, हात काढला, पुन्हा बोलायला गेले. पुन्हा तेच. तो उठायला लागला तेव्हा मी ही वही काढली. बारा तारखेचं पान त्याच्यापुढे धरलं. मग चौदाचं. मग अठराचं.

उभ्याउभ्याच वाचलं त्यानं. त्या वाक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाला, त्या आठवड्यात मला सुट्टी होती. घरीच होतो मी.

पत्रांचा गठ्ठा तिथेच ठेवून गेला. कोट तेवढा मागून घेतला.

गुरुवार, २७

सिस्टरशी बोलायला गेले — तेच. दुकानात पाव मागायला — तेच. दुकानदार म्हणाला, ऐकून बरं वाटलं.

रडू येतं, पण रडण्यातसुद्धा तेच शब्द.

खूण करायला हात उचलला तर हात छातीवर जातो. सगळं ठीक, अशी खूण होते.

फक्त ही वही. इथे अजून माझं लिहिता येतं.

शुक्रवार, २८

पत्रं झाली. संक्षेप सुरळीत चालला. एकसष्टच्या एकसष्ट. साहेब खूश.

सात नंबरच्या आजी दाराशी आल्या. गेलं का, म्हणून विचारलं. मी —

नको.

रविवार, ३०

मुलीचा फोन. ती शिकायला दुसऱ्या गावी असते, दर रविवारी करते. आई, बरी आहेस ना?

मी बोलले. ते पाच तुकडे. तिला आनंद झाला. म्हणाली, बरं झालं गं, तुझं मन रमलं, मग मी या सुट्टीत मैत्रिणीकडे जाऊ ना?

मी किंचाळत होते. खरंच किंचाळत होते, आतून. बाहेर — काळजी नसावी.

फोन ठेवला तिनं.

तिला चिठ्ठी लिहायला बसले. पेन्सिल घट्ट धरली. कागदावर : तब्येत उत्तम. फाडला. दुसरा. तब्येत उत्तम. सात कागद.

म्हणून इथे लिहिते. वहीच पाठवीन तिला. लवकर, हात अजून —

बाळा, मी ठीक नाही. मी बोलते ते मी बोलत नाही. कुणाला विचारू नकोस, सरळ ये आणि मला इथून घेऊन जा, मला तुझ्याजवळ जेवण व्यवस्थित, नाही, ऐक, मला घरी झोप चांगली, बाळा, मला —