आठ किलोंचं एस्टिमेट

४ जानेवारी
आजपासून जिम. कारण साधं नाही. दादाचं लिव्हर कामातून गेलंय. कुणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायला हवा, देणाऱ्याचं पुन्हा वाढतं, असं डॉक्टर म्हणाले. रक्तगट जुळतो तो माझा आणि धाकट्या बहिणीचा. धाकटीच्या पदरात दोन लहान पोरं. मी सगळ्यांसमोर टेबलावर हात आपटून सांगितलं, तिला यात ओढायचं नाही, मी आहे ना! वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही.
मग डॉक्टरांनी माझे रिपोर्ट उघडले. लिव्हरवर चरबी आहे म्हणे. आधी आठ किलो उतरवा, मार्चच्या सुरुवातीला पुन्हा स्कॅन करू, मग बघू.
आठ किलो म्हणजे किस झाड की पत्ती! माझा धंदाच अंदाज काढायचा. रंगकामाच्या कॉन्ट्रॅक्टरकडे एस्टिमेटर आहे. रिकाम्या हॉलच्या दारात उभा राहतो आणि किती डबे रंग लागेल ते सांगतो. तर, नेटवर पाहिलं. एक किलो चरबी म्हणजे सात हजार सातशे कॅलरी. आठ किलोंच्या एकसष्ट हजार सहाशे. रोज हजारेक जाळायच्या. काम फत्ते.

५ जानेवारी, सकाळी
ट्रेडमिल. मशीनने दाखवल्या २१२.
हे शक्य नाही. बनियन पिळलं तर बादली भरली असती. मशीन फक्त पायांचं मोजतं. हात, मान आणि मनोनिग्रह यांचं कोण मोजणार? शिवाय जिमपर्यंत चालणं, बुटांच्या नाड्या बांधायला वाकणं. सगळं धरून ४००. आमच्या लाइनमध्ये दहा टक्के वेस्टेज धरतातच. ४४०.

९ जानेवारी
जिमची ट्रेनर ही माझ्या निम्म्या वयाची मुलगी. सगळे तिला मॅडम म्हणतात. आज म्हणाली, पुढचा दांडा धरून चालू नका, दांडा धरला की आकडा खोटा पडतो. शिवाय या मशीनला तुमचं वजन ठाऊक नाही, ते कुठल्यातरी बेताच्या माणसाचा हिशोब लावतं. मी ताबडतोब म्हटलं, म्हणजे माझ्यासारख्या भरदार माणसाच्या जास्तच जळत असणार! ती डंबेल उचलून ठेवायला गेली. पटलं असणार.
आजपासून मशीनचा आकडा दीडपट धरायचा. दांडा सोडून पाहिला. पडता पडता वाचलो. दांडा राहील.

१४ जानेवारी
मनगटावर बांधायचं घड्याळ घेतलं. छातीचे ठोके मोजून कॅलरी सांगतं. मशीनपेक्षा कमी सांगतं. दोघांतला मोठा आकडा धरायचा, असं ठरवलं. एस्टिमेट नेहमी वरचंच असावं.
संध्याकाळी वहिनीचा फोन. किती उतरलं, भावजी? मी म्हटलं, जवळपास सात हजार. तिने हळूच विचारलं, किलोत किती? मी समजावलं की किलोवर उशिरा दिसतं, आधी आतलं सुटतं. बरं, म्हणाली. फोन ठेवल्यावर पाहिलं, बसल्या जागी ३१ कॅलरी गेल्या होत्या.

१९ जानेवारी
बाथरूममधल्या काट्यावर दोनशे ग्रॅम जास्त. स्नायू. चरबीपेक्षा स्नायू जड असतात.
बायकोला सांगितलं. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, कुठे आहेत?

२५ जानेवारी
साइटवर मोठ्या बंगल्याचं काम संपलं. मालकांनी केक कापला. नाही म्हणणं बरं दिसत नाही. दोन तुकडे. आधीच्या दिवशीच्या वरकड कॅलरी शिल्लक होत्या, त्यातून वजा केले. उद्यापासून गोड बंद.

२६ जानेवारी
केक उरला होता, मालकांनी घरी पाठवला. टाकून देणं पाप. उद्यापासून.

१ फेब्रुवारी
दादाला भेटायला गेलो. डोळे पिवळे. पोट फुगलेलं, हातपाय काटक्या. अंगाला खाज सुटते म्हणून वहिनी त्याच्या पाठीवर ओला टॉवेल फिरवत होती. मला पाहून हसला. म्हणाला, छोट्या, पळताना गुडघे सांभाळ, आपल्या घराण्याचे गुडघे कच्चे. मी त्याला सगळे आकडे वाचून दाखवले. तो ऐकत होता. ऐकता ऐकता त्याची नजर माझ्या पोटावर गेली, आणि मग त्याने खिडकीकडे मान वळवली.
उन्हामुळे असेल.

६ फेब्रुवारी
हॉस्पिटलातल्या समन्वयक बाईंनी बोलावलं होतं. ऑपरेशन कसं होतं ते समजून घ्यायला. त्यांनी कागदावर माणसाचं पोट काढलं आणि पेनाने बरगड्यांखालून एक रेघ ओढली. मग ती वळवली. मला वाटलं, संपली. नव्हती संपली.
मी खुर्चीत शांत बसलो होतो. तेवढ्यात घड्याळ थरथरलं. विचारत होतं, तुम्ही व्यायाम सुरू केलाय का? होय दाबलं. खोटं कशाला बोलायचं, छाती पळतच होती. ११८ कॅलरी! दांडा न धरता.
घरी येताना बेकरीत थांबलो. क्रीमरोल, तीन. डोकं गरगरत होतं, साखर आवश्यक होती.

११ फेब्रुवारी
पाठीत चमक. जिम नाही. पडून राहिलं तरी शरीर दिवसाला हजार-दीड हजार कॅलरी जाळतंच, हे वाचनात आलं. म्हणजे इतके दिवस मी हे धरतच नव्हतो! या महिन्याच्या पहिल्या तारखेपासूनचे सगळे मिळवले. एकूण आकडा चाळीस हजारांच्या पुढे गेला. उगाच निराश झालो होतो.

१५ फेब्रुवारी
आज बायकोशी वाजलं. ती भांडत नव्हती, हेच वाईट. समोर बसली आणि शांतपणे म्हणाली, भीती वाटत असेल तर वाटते म्हणून सांगून टाकावं. त्यात लाज नाही. पण आत्ता सांगावं, म्हणजे दादांना दुसरं माणूस बघायला वेळ मिळेल.
भीती! मला! महिनाभर घाम गाळणाऱ्याला! मी ताटावरून उठलो. रागाने कॅलरी जातात, ९० तरी गेल्या. नंतर स्वयंपाकघरात उभ्या उभ्या जेवलो. उभं राहून खाल्लेलं अर्धं धरतात.

२४ फेब्रुवारी
एकसष्ट हजार सहाशे पूर्ण! मुदतीच्या आत. हिशोबाने आठ किलो गेले.
काटा म्हणतो दीड किलो वाढले. जिममधल्या काट्यावर जाऊन पाहिलं, तोही तेच म्हणतो. दोन्ही एकाच कंपनीचे असावेत. मॅडमना दाखवलं. त्यांनी या खेपेला वाद घातला नाही. काका, पाणी प्या, एवढंच म्हणाल्या. त्यांना कुणी सांगितलं दादाचं?
मीच सांगितलं असेल.

३ मार्च
स्कॅन. डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला. पांढरं पांढरं. पूर्वीपेक्षा जास्त, म्हणाले. मी मोबाइलवरचा तक्ता दाखवला. त्यांनी तो खालपर्यंत नीट पाहिला, हे मान्य करायला हवं. मग मोबाइल परत दिला आणि म्हणाले, तुम्ही काळजी करू नका, दुसरी तयारी झालेली आहे. तुमच्या बहिणीच्या सगळ्या तपासण्या पूर्ण झाल्या.
मी विचारलं, कधी? म्हणाले, जानेवारीतच सुरू केल्या.
मी विचारलं, कुणाला विचारून? म्हणाले, त्या स्वतःच आल्या होत्या.
मी टेबलावर हात ठेवला. आपटणार होतो. तो तसाच राहिला.
जिना उतरताना मात्र काय ते कळेना, एकदम हलकं वाटायला लागलं. श्वास पोटापर्यंत जात होता. कित्येक आठवड्यांत असं झालं नव्हतं. वजन नक्की उतरलंय. त्यांचं मशीन तपासायला हवं.
खाली फाटकापाशी आल्यावर रडू आलं. धुळीमुळे.

९ मार्च
उद्या ऑपरेशन. धाकटीची पोरं आमच्याकडे ठेवलीत. जेवताना भाचीने विचारलं, मामा, आईचं पोट का कापणार? मी छान समजावलं. छोटासा तुकडा असतो, पुन्हा उगवतो, काही होत नाही. ती म्हणाली, मग तुझा का नाही दिला?
बायकोने तिला आणखी भात वाढला.
मी काही खाल्लं नाही.

१० मार्च
दोघंही आत. वहिनी आणि धाकटीचा नवरा बाकावर. मी उभा. वहिनी म्हणाली, भावजी, बसा. तिच्या बोलण्यात राग शोधून पाहिला. नव्हता. असता तर बरं झालं असतं.
संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. दोघंही ठीक.

१८ मार्च
दादाच्या डोळ्यांतला पिवळेपणा ओसरलाय. चहा मागितला त्याने. मी गेल्या गेल्या म्हणाला, छोट्या, बरा आहेस ना? मला बरा आहेस का विचारतो!
धाकटी शेजारच्या खोलीत. नर्सने तिला थोडं चालायला सांगितलंय. तिचा नवरा औषधं आणायला गेला होता, म्हणून ती मला म्हणाली, चल जरा. एक हात भिंतीला, एक माझ्या दंडाला. निघालो. मुंगीच्या चालीने. मला तिच्याशी नीट बोलायचं होतं. सकाळपासून शब्द जुळवले होते. कॉरिडॉर निम्मा झाला तरी एक आठवेना. शेवटी म्हटलं, एवढ्या चालण्यातसुद्धा पंधरा-वीस कॅलरी जात असतील. ती हसली. हसल्यावर टाके ओढले गेले म्हणून तिने डोळे मिटले, पोट धरलं आणि तशीच हसत राहिली.
टोकाच्या खिडकीपर्यंत जाऊन वळलो. परत येताना मला धाप लागली. तिने थांबून माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, बसायचं का रे जरा?
बसलो.